कोणत्या कामाला कसे शरीर लागते?



मुलगा बारावी झाला की गट ऑफिसात येणारे सभासद हमखास म्हणतात, "पोरगं धडधाकट आहे, कुठंतरी चिकटवा." धडधाकट म्हणजे काय, असे विचारले तर उत्तर येते, "उंची आहे, छाती आहे, आणखी काय पाहिजे?" आणखी पुष्कळ पाहिजे. उंची आणि छाती ही भरतीच्या मैदानावरची मापे झाली. पुढची तीस वर्षे जे काम करायचे, त्याला शरीराकडून काय लागते, हा हिशेब घरात फारसा कुणी मांडत नाही. तो कसा मांडायचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

उदाहरणाला आम्ही आपला भाग सोडून मुद्दाम चंद्रपूर जिल्ह्यातला गोंडपिपरी तालुका घेतला आहे. एक तर आपल्याकडची काही मुले वनरक्षकाच्या जागेसाठी चंद्रपूर वनवृत्तात अर्ज टाकतात, आणि तिकडचे काम कसे असते याची घरी कुणालाच कल्पना नसते. दुसरे म्हणजे वर्धा नदीकाठचा तो मुलूख भात, कापूस, जंगल आणि तेंदूपत्ता यांवर जगणारा, आणि बल्लारपूर-चंद्रपूरकडे वळले की कोळशाच्या खाणी. आपल्या शिवारातल्या कामाला आपले डोळे सरावलेले असतात. परक्या मुलखातले काम पाहिले की त्यातला घाम चटकन दिसतो.

आधी वनरक्षक. जाहिरातीत पुरुषांना उंची १६३ सेंटीमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ८४ सेंटीमीटर मागतात. महिलांना उंची १५० पुरते. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना हीच अट पुरुषांसाठी १५२.५ आणि महिलांसाठी १४५ सेंटीमीटर आहे. मग धावणे, पुरुषांना ५ किलोमीटर आणि महिलांना ३. शेवटी चालणे. पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, महिलांना त्याहून कमी अंतर.

आता हे आकडे जरा निवांत बघा. १६३ आणि १५२.५ यांत चार इंचांहून जास्त फरक आहे. पण दोघांना बीट तेच, फिरती तीच, पगारही तोच. गोंड-माडिया माणूस त्या जंगलात पिढ्यान्पिढ्या वावरतो आणि त्याची उंची कुठे आड येत नाही. म्हणजे उंचीचे आणि जंगलातल्या कामाचे नाते आपण समजतो तेवढे घट्ट नाही, हे खुद्द जाहिरातीतच लिहिलेले आहे. खरे नाते आहे ते चालण्याशी. चार तासांत २५ किलोमीटर म्हणजे ताशी सव्वासहा. आपण बाजाराला जातो ती चाल ताशी चार-पाचाची. हा वेग चार तास टिकवायला पोटऱ्या, घोटे आणि दम लागतो. त्यात छातीच्या मापाचा उपयोग थोडाच.

आणि नोकरी लागल्यावर हे चालणे संपत नाही, तिथून पुढे सुरू होते. व्याघ्रगणनेत प्रत्येक बीटमध्ये पाच-पाच किलोमीटरच्या वाटा पायी तुडवून पंजाच्या खुणा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे टिपावे लागतात. मान खाली, कान चहूकडे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा भागात अशाच कामावर पायी गेलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. बरोबर मजूर होते, तरीही. तेव्हा मुलगा वनखात्यात जातो म्हणाला, तर छातीला टेप लावण्याआधी त्याला दूरचे स्पष्ट दिसते का, दोन्ही कानांनी सारखे ऐकू येते का, हे तपासा.

भरतीच्या तयारीबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण इथे जीव जातो. २०२४ च्या मे महिन्यात शेजारच्या मध्य प्रदेशात बालाघाटला वनरक्षक भरतीच्या २५ किलोमीटर चालण्यात एका उमेदवाराचा मृत्यू झाला. आपली पोरं काय करतात? जाहिरात निघाली की आठ दिवस आधी पळायला लागतात. शरीराला उन्हाची सवय व्हायलाच एक ते दोन आठवडे लागतात, पायांना तर काही महिने. रोज थोडे अंतर वाढवावे, पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर जवळ ठेवावी, आणि चक्कर, कापरे, मळमळ यांतले काही जाणवले तर तिथेच थांबावे. पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर पळणे तर बंदच करा, त्यापेक्षा शाळेचे मैदान बरे.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती सिकलसेल. हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि अंगाला पाणी कमी पडले, थंडी लागली किंवा फार श्रम झाले की वेदना उठतात. दोन्हीकडून दोष आला तर माणूस रुग्ण, एकीकडूनच आला तर वाहक. वाहकाला एरवी काहीच होत नाही, तो सगळी कामे करतो. पण कडक उन्हात जीव तोडून धावताना त्याला जपावे लागते. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत संशय कळतो, इलेक्ट्रोफोरेसिसने नक्की होते, आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली ती याचसाठी. लग्नाआधी ही तपासणी करा असे सांगतात, आम्ही म्हणतो भरतीआधीही करा.

पोलीस शिपायाचे थोडक्यात सांगतो. पुरुषांना उंची १६५ सेंटीमीटर, महिलांना १५५, राज्य राखीव दलाला १६८. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात धावणे आणि गोळाफेक. उंची अठरा-वीस वर्षांनंतर वाढत नाही. वाढवून देतो म्हणणारी पावडर विकत घेऊ नका. छातीचा पाच सेंटीमीटर फुगवटा मात्र सरावाने येतो.

हे झाले मापांचे. कामाचा हिशेब मांडायची याहून चांगली रीत सरकारनेच एका वेगळ्या कारणासाठी तयार करून ठेवली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखून ठेवल्या. मग कोणती जागा कुणाला जमेल हे ठरवायला ४ जानेवारी २०२१ रोजी ३,५६६ पदांची यादी प्रसिद्ध झाली. त्या यादीत प्रत्येक पदापुढे शरीराच्या क्रिया लिहिल्या आहेत. बसणे, उभे राहणे, चालणे, वाकणे, उचलणे, ओढणे-ढकलणे, गुडघ्यावर किंवा उकिडवे बसणे, बोटांचे काम, वाचणे-लिहिणे, पाहणे, ऐकणे, बोलणे. झाल्या बारा. यादी दिव्यांगांसाठी असली तरी रीत सगळ्यांच्या कामाची आहे. एखाद्या कामाला यांतल्या किती क्रिया लागतात आणि दिवसाचे किती तास लागतात, एवढे कागदावर लिहिले की पोराला कोणते काम झेपेल ते घरच्या घरी कळते.

गोंडपिपरीकडच्या तेंदूपत्त्याला ही फूटपट्टी लावून बघा. हंगाम एप्रिल-मेचा. पहाटे जंगल गाठायचे, वाकून वाकून एकेक पान खुडायचे, गाठोडे डोक्यावर घेऊन घरी यायचे, उकिडवे बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर न्यायचे. (तिकडे फळी म्हणजे पत्ता खरेदीची जागा. आपल्याकडे फळीचा अर्थ वेगळा आहे, तो पुढे येतो.) महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने असतात. शंभर पुडे म्हणजे सात हजार पाने, आणि प्रत्येक पान बोटांनी खुडलेले. चालणे, वाकणे, उचलणे, उकिडवे बसणे, बोटांचे काम, पाहणे, ऐकणे. बारांतल्या सात क्रिया, त्याही चंद्रपूरच्या मे महिन्यात, जिथे पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. या कामाला उंचीची अट नाही, छातीची नाही, डॉक्टरांचा दाखलाही नाही. भाताच्या रोवणीचेही तेच. चिखलात दिवसभर कमरेत वाकून राहायला लागते आणि कंबर कुणी तपासत नाही.

खाणीत जरा बरी स्थिती आहे, कारण तिथे कायदा जुना आहे. १९५२ च्या खाण कायद्याखालच्या नियमांनी कामावर घेण्याआधी आणि नंतर ठराविक वर्षांनी वैद्यकीय तपासणी, त्यात छातीचा एक्स-रे, सक्तीची केली. कोळशाची धूळ फुप्फुसात बसते ती एक-दोन वर्षांत कळत नाही. म्हणून आधीचा एक्स-रे आणि दहा वर्षांनंतरचा एक्स-रे शेजारी ठेवूनच नुकसान दिसते. आधीचा नसेल तर "तुझं मुळातच असं होतं" म्हणायला साहेब मोकळा.

आता आपल्या कारखान्यात या. मिलवर उभा असणाऱ्याला आवाज सोसावा लागतो, बॉयलरवर उष्णता. पॅनमनचे काम बघा. बारीक काचेतून रवा कसा बसतोय ते बघायचे, नमुना काचेवर घेऊन बोटाने चाचपायचा आणि नेमका कधी सोडायचा ते ठरवायचे. त्याला छाती ८४ असो की ७४, काय फरक पडतो? त्याला डोळा आणि बोट पाहिजे, आणि रात्रपाळीत जागे राहण्याची ताकद. हंगामात पाळ्या तीन आणि झोप कधी दिवसा, कधी रात्री. ज्याला मधुमेह किंवा फिट्स आहेत त्याने पाळीच्या कामाआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

रंगआंधळेपणाचे तर घरी कुणाच्या ध्यानीमनी नसते. लाल-हिरव्यातला फरक न कळणे मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ जास्त आढळते, कारण तो दोष आईकडून मुलाला येतो. मुलगा हुशार, आयटीआय झालेला, रेल्वे इंजिनचालकाची परीक्षा पास होतो आणि वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या पुस्तकापुढे अडकतो. त्या पदाला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची सहा-बाय-सहा नजरही लागते. ही ठिपक्यांची चाचणी पाच मिनिटांची आहे. ती दहावीतच करून घेतली, तर तीन-चार वर्षे वाया जात नाहीत आणि पोराला दुसरी चांगली वाट धरता येते.

ओझ्याबद्दल कायद्याने कधीच लिहून ठेवले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतके वजन कुणाला उचलायला लावू नये असे म्हटले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली पुरुषाने हाताने वाहण्याचे वजन ५५ किलोंच्या वर नसावे अशी शिफारस केली. तरी साखरेचे आणि धान्याचे पोते पुष्कळ वर्षे शंभर किलोंचेच राहिले. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने त्याविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठवला. पोते पन्नास किलोंवर आले तेव्हा कुणाचाही धंदा बुडाला नाही. हमालांच्या पाठी मात्र वाचल्या.

राहिला ऊसतोडणी मजूर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा वाकून बुडखा छाटतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते. हिशेब करा. ट्रकमध्ये दहा टन ऊस आणि मोळी तीस किलोंची धरली, तर ३३३ मोळ्या होतात. टोळी दहा कोयत्यांची असेल तर एका ट्रकसाठी प्रत्येक कोयत्याच्या वाट्याला तेहतीस मोळ्या येतात, म्हणजे तेहतीस वेळा डोक्यावर ओझे घेऊन उताराच्या फळीवर चढणे. बोलणे आणि लिहिणे सोडले तर बारांतली जवळपास प्रत्येक क्रिया या कामात आहे. आणि खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, तापात, सगळीकडे तोच खाडा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रश्नावर राज्य सरकारने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या बाया तोडतात तो ऊस आपल्यासारख्यांच्याच गव्हाणीत पडतो.

वनरक्षकाला टेप लावतात, इंजिनचालकाच्या डोळ्यांत दिवा टाकतात, खाणकामगाराचा एक्स-रे काढतात. टोळीच्या करारपत्रात उचल किती, कोयते किती, मुकादम कोण, एवढेच लिहिलेले असते. शेती विभागाने येत्या हंगामात करारपत्राला आणखी एक पान जोडावे, असे आम्ही सुचवीत आहोत. त्यावर प्रत्येक मजुराचे, बाईचेही, वजन, रक्तातले हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि गरोदर आहे की नाही, एवढे असावे. हे पान मुकादमाच्या हाती जाता कामा नये, ते दवाखान्यात राहावे. त्यावरून कुणाला कामावरून काढायचे नाही. गरोदर बाईला फळीवर चढवायचे नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या खाड्याला दंड लावायचा नाही. तपासणी गाळप सुरू होण्याआधी, टोळ्या कोप्या उभारत असतील त्याच आठवड्यात झाली पाहिजे. एकदा गाळप सुरू झाले की टोळीला दवाखान्यात जायला कोण सोडतो!