सिरसाळ्याहून परदेशी आवतण

सकाळी ६.३०
टोकियोत दहा वाजलेत. पुण्यातल्या एका लोकनृत्य महोत्सवासाठी परदेशी संघ बोलवायचं काम मी सिरसाळ्यातल्या घरून करते. पहिलं पत्र जपानला. नुसतं ‘या’ म्हटल्यानं कुणी येत नाही, जुनी ओळख काढावी लागते. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी जपाननं कर्ज दिलं होतं, हे दुसऱ्याच ओळीत घालते आणि लेणी दाखवायचं कबूल करते.

सकाळी ९.००
आई भाकरी थापता थापता विचारते, “आज कुण्या देशाला आवतण धाडलं गं?”
“पोलंडला.”
“जेवायला काय घालता त्यान्ला?”
प्रश्न मुद्द्याचा आहे. प्रघात असा, की विमानाचं तिकीट संघानं काढायचं. इथं उतरल्यापासून मुक्काम, जेवण, गाडी यजमानाची. पंचवीस माणसं आठवडाभर म्हणजे घरचं लग्नच.

सकाळी १०.३०
दिल्ली-मुंबईची कार्यालयं उघडतात. सगळ्यात जड वेळ हीच. आपण ‘देश बोलावले’ म्हणतो खरं, पण सरकारनं सरकारला बोलावणं वेगळं. १९५२ साली मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, २३ देश आले, तेव्हा पाठीशी केंद्र सरकार होतं. आमच्यासारख्या संस्थेला बोलवायची असतात ती नाचणारी, वाजवणारी माणसं. आमचं पत्र व्हिसाच्या अर्जाला जोडलं जातं. त्यामुळे प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, शिवाय तारखा, राहण्याचा पत्ता आणि खर्च कुणाचा, हे सगळं त्यात स्पष्ट लागतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की अर्ज अडकू शकतो. अशा पत्रात मी विशेषणं घालत नाही. वकिलातीत ती कुणी वाचत नाही. मोठी वाद्यं येणार असतील तर ‘एटीए कार्ने’ची आठवण करून द्यायची. तात्पुरती आणलेली वाद्यं कस्टममधून बिनशुल्क सोडवणारा हा कागद संघानं आपल्या देशातूनच काढून आणायचा असतो.

दुपारी १.००
लाईट गेली. जेवण.

दुपारी २.००
वॉर्सात साडेनऊ. पोलंडच्या पत्रात मी वळिवड्याचा उल्लेख केला होता. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. संघप्रमुख बाईंचं उत्तर आलंय: पुण्याहून वळिवडे किती लांब? तारखांबद्दल अवाक्षर नाही, तरी मी त्यांच्या नावापुढे ‘येणार’ लिहून टाकते.

संध्याकाळी ७.००
ब्युनोस आयर्समध्ये सकाळचे साडेदहा. तिथला संघ हौशी, तिकिटांना पैसे नाहीत. त्यांना आपल्या पालिकेकडे अनुदान मागायचंय, त्यासाठी आमचं सही-शिक्क्याचं पत्र आजच हवं. आमचा अध्यक्ष लग्नाला गेलाय. शिक्का उद्या.

रात्री ९.३०
हॉटेलला एक सूचना लिहून ठेवते: परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारी यंत्रणेला कळवायची असते.

तुमच्या गावी असा महोत्सव भरवायचा विचार असेल, तर निमंत्रणं छापण्याआधी जेवणा-मुक्कामाचा हिशोब कागदावर मांडा, आणि किमान आठ महिने हाताशी ठेवा.