कुंपण तुटतं कुठे?

कर्जत-खालापुरात कुंपणाचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि मिरगाच्या आत आटपावं लागतं. भात कापून झालेलं असतं, खाचरं सुकलेली असतात, पण मुरमात अजून थोडी ओल असते आणि पहार आत जाते. तोच खड्डा मे महिन्यात काढायला घ्या, पहारीच्या टोकाशी नुसत्या ठिणग्या उडतात आणि मजुरी दुपटीवर जाते. तरीही बहुतेक फोन एप्रिलनंतरच येतात. ‘पावसाच्या आधी करून द्या’ म्हणे!

मी कुंपणं घालतो, पण त्याहून जास्त दुसऱ्यांनी घातलेली दुरुस्त करतो. नवं कुंपण सगळीकडून सारखंच सरळ दिसतं. त्यावरून दोन पावसाळे गेले की कुठे काय चुकलं होतं ते उघडं पडतं. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलेली गोष्ट एवढीच, की कुंपण कुठेही तुटत नाही. दरवर्षी त्याच जागी तुटतं. मालक चोराला शिव्या देतो, तारवाल्याला देतो, मला देतो. त्या जागेवरून आधी काय जात होतं, हे मात्र तो विचारत नाही.

आमच्या वडिलांच्या वेळी कुंपण म्हणजे वई. जूनमध्ये करवंदीच्या, बोरीच्या काट्या आणि बांबूचे खुंट घेऊन ती घालायची; कशासाठी, तर गुरं भातात शिरू नयेत म्हणून. भात घरात आलं की गुरं मोकळी सोडत आणि सगळं शिवार सगळ्यांचं होई. वईच्या वाळक्या काट्या चुलीत जात, नाहीतर राबात जळत. कुंपणाचं आयुष्य पिकाएवढं होतं.

आता कुंपण बारमाही झालं. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि शनिवार-रविवारचा मालक दीड-दोन तासांत येऊ लागला. त्यात पेज नदीचं आकर्षण. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिला मिळतं, त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहते. तशीच खोपोलीच्या वीजघरामुळे पाताळगंगा. नदीकाठची जमीन विकली गेली, पाठोपाठ माळावरची वरकसही गेली आणि प्रत्येक तुकड्याला जाळी आली.

फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘साहेब, मोजणी झालीय का?’

‘सातबारा आहे ना माझ्याकडे!’

सातबारा सांगतो जमीन कोणाची आणि क्षेत्र किती. हद्द कुठून कशी जाते, ते त्यात नसतं. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा लागतो. शेजाऱ्यांना नोटिसा जातात, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि मग हद्दी दाखवणारा नकाशा मिळतो, ज्याला ‘क’ प्रत म्हणतात. त्या खुणांवर दगड रोवल्याशिवाय मी दोरी ताणत नाही. आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर दहा-बारा नावं असतात, पोटहिस्से कागदावर वेगळे झालेलेच नसतात. अशा जमिनीत कोणीतरी दाखवलेल्या बांधावरून जाळी मारायची म्हणजे जाळीच्या किमतीएवढाच वकिलाचा खर्च धरून ठेवायचा.

आता सामान. दुकानात ‘बारा गेजची घ्या की दहाची’ असं विचारलं की माणसं बारा म्हणतात, मोठा आकडा म्हणून. गेजचा हिशेब उलटा असतो. आकडा वाढला की तार बारीक होते: बारा गेज सुमारे २.६ मिलिमीटर, दहा गेज सुमारे ३.२. पण आमच्या हवेत जाडीपेक्षा जस्त महत्त्वाचं. तारेवरचा जस्ताचा थर आधी स्वतः झिजतो आणि आतलं लोखंड वाचवतो. तो संपला की गंज आत शिरतो, म्हणून थर पातळ असलेली तार दिसायला तितकीच चकचकीत असली तरी लवकर तांबडी पडते. सुरुवात होते ती कापलेल्या टोकांपासून आणि काट्यांच्या अणीपासून. माझ्याकडे एक वेल्डर होता, जैसलमेरकडे काम करून आलेला. तो म्हणायचा, तिकडे तार वर्षानुवर्षं तशीच राहते, पण वाळू साचून कुंपणच गाडलं जातं. तिकडे वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास. माथेरानच्या पायथ्याच्या आमच्या पट्ट्यात तो तीन हजारांच्या पुढे जातो.

लोखंडी अँगलचा खांब वरून गंजत नाही आणि खोलवरही फारसा गंजत नाही. तो गंजतो जमिनीच्या पातळीवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. म्हणून काँक्रीट जमिनीच्या वर दोन-तीन इंच आणायचं, त्याला चारी बाजूंनी उतार द्यायचा आणि तेवढ्या भागाला डांबर फासायचं. हे काम दहा मिनिटांचं, पण नव्वद टक्के ठेकेदार ते करत नाहीत. सिमेंटच्या पोलला ही भीती कमी. तो सात फुटी घेऊन दीड ते दोन फूट आत गाडायचा, दोन पोलांत आठ ते दहा फूट अंतर. कोपऱ्यावर आणि मधेमधे तिरका टेकू हवाच, कारण तारेचा सगळा ताण शेवटी कोपऱ्यावर येतो. आणि एक विनंती: खांब वाचवायला तार ऐनाच्या किंवा सागाच्या खोडाला खिळ्यांनी ठोकू नका. झाड वाढत वाढत तार पोटात घेतं आणि पुढे कधीतरी करवतवाल्याचं पातं तिथे तुटतं.

हे सगळं नीट केलं तरी कुंपण पडतं. पाडतं ते पाणी.

आमच्याकडे डिसेंबरात कोरडा दिसणारा खळगा जुलैत कमरेएवढा ओहोळ होतो. जमीन उन्हाळ्यात पाहून घेणाऱ्याला तो खळगाच वाटतो आणि त्याच्यावरून जाळी सरळ नेली जाते. पहिल्या मोठ्या पावसात पाणी एकटं येत नाही. पालापाचोळा, घाणेरीची झुडपं, प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन येतं. दोन इंची जाळीत ते सगळं अडकतं आणि जाळीचं धरण होतं. आधी दोन्ही काठांचे पोल कलतात, मग ताणलेली तार त्यांच्यामागचे दहा पोल ओढते. मालक रविवारी येतो तेव्हा निम्मी बाजू आडवी. मोठ्या नदीचं तर बोलायलाच नको. २६ जुलै २००५ ला उल्हास फुगली, त्यापुढे कोणाची जाळी टिकणार होती?

ओहोळावर इलाज आहे, आणि तो स्वस्त आहे. कुंपण दोन्ही काठांवर संपवायचं, तिथे कोपऱ्यासारखा टेकू दिलेला भक्कम पोल उभा करायचा. मधल्या भागात वरून एक जाड पाइप टाकून त्याला बांबूचे किंवा पाइपचे तुकडे सैल टांगायचे, खालची टोकं मोकळी. पाणी आलं की ते उचलले जातात आणि कचरा खालून निघून जातो. पाणी ओसरलं की पुन्हा खाली येतात आणि गुरं अडवतात. फारच जोराचा लोंढा आला तर तेवढाच तुकडा जातो, बाकी रांग उभी राहते.

भाताच्या खाचरांत याहून नाजूक प्रकरण असतं. वरच्या खाचरातलं पाणी बांधाच्या फटीतून खालच्यात उतरतं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था. खालचा तुकडा विकला जातो, नवा मालक जाळीखाली दीड फुटाची सिमेंटची भिंत घालतो, डुकरं येऊ नयेत म्हणून, आणि वरच्या शेतकऱ्याची रोपं पाण्यात कुजतात. मग जुलैतल्या एखाद्या रात्री त्या भिंतीला भोक पडतं. मला दुरुस्तीला बोलावतात तेव्हा मी ते भोक बुजवत नाही. त्यात पाइप बसवतो आणि आणखी चार ठिकाणी पाडतो.

दुसरी तुटायची जागा पायवाट. ठाकूरवाड्या, कातकरीवाड्या डोंगराच्या अंगाला, आणि एसटीचा थांबा, दुकान, शाळा खाली. मधली वाट नकाशावर नसते, पण पायांखाली असते. एका जागी दर पंधरा दिवसांनी जाळी कापली जायची. मालकाच्या मते चोर. मी सकाळी लवकर जाऊन थांबलो तर मोळ्या घेतलेल्या बाया आल्या. त्यांतली म्हातारी मला म्हणाली, ‘दादा, आमी तुमचं काय नेतो? आमी आमच्या वाटंनं जातो.’ आत काही गेलेलं नव्हतं हे मालकालाही कबूल होतं. तिथे दोन पोल मागेपुढे रोवून तिरकी फट ठेवली, वरून मोकळी. माणूस मोळीसकट वळून जातो, गुराला वळता येत नाही. तेव्हापासून ती जाळी शाबूत आहे.

कायदाही मालक समजतो तितका त्याच्या बाजूचा नाही. वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून वाट देतं. तार कापणाऱ्या बायांना यातलं काही माहीत नसतं, म्हणून त्या पक्कड वापरतात.

डुकराचं थोडक्यात सांगतो. रानडुक्कर जाळी चढत नाही, खालून उचलतं. जाळी अर्धा फूट मातीत गाडली तर बरंच थांबतं. सौर झटका यंत्र चालतं. सेकंदाला सुमारे एक, अगदी क्षणभराचा धक्का बसतो, जनावर घाबरतं पण मरत नाही. पण श्रावणात गवत तारेला लागलं की झटका गवतातून जमिनीत उतरतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी यंत्र नुसतं टिकटिक करतं. गवत कापणारा माणूस नसेल तर ते घेऊ नका. आणि घरची वीज थेट तारेत सोडायची कल्पना कोणी सुचवली तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्यात माणसं मेली आहेत आणि तो सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होतो.

मला विचाराल तर मोठ्या जमिनीला पूर्ण जाळी नकोच. पुढच्या बाजूला जाळी, बाकी तीन बाजूंना काटेरी तारेच्या तीन ओळी आणि त्यांच्याकडेने जिवंत कुंपण. निर्गुडी, शेर, मोगली एरंड यांना गुरं तोंड लावत नाहीत. गिरिपुष्पाच्या फांद्या पहिल्या पावसात खोचल्या की फुटतात, त्यांचा पाला भातखाचराला खत म्हणून जातो. करवंदीला वेळ लागतो, पण एकदा दाट झाली की कोणी शिरत नाही. इंग्रजांनी मिठाचा कर बुडू नये म्हणून उत्तर हिंदुस्थानात बऱ्हाणपूरपर्यंत जी प्रचंड काटेरी वई वाढवली होती, तिच्यातही बाभूळ, बोर, निवडुंगाबरोबर करवंद होतं. ती नाकेबंदी १८७९ मध्ये उठली. तार त्यामानाने अलीकडची. अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने काटेरी तारेचं पेटंट घेतलं ते १८७४ साली.

तेव्हा या भागात जमीन घेतली असेल तर पहिल्या वर्षी कुंपण घालू नका. कोपऱ्यांवर दगड रोवा, मोजणीचा अर्ज टाका आणि जुलैत भर पावसात एकदा, गुडघ्यापर्यंत चिखल तुडवत, आपली हद्द चालून या. पाणी कुठून उतरतं, माणसं कुठून जातात, डुकरांनी कुठे उकरलंय, ते बघून कागदावर खुणा करा. तो कागद घेऊन दिवाळीनंतर ठेकेदाराला फोन करा. मेमध्ये करू नका.