शाळेच्या अंगणातील वामनवृक्ष : निवड व निगा

वामनवृक्ष आपल्याही शाळेत असावा, अशी इच्छा अनेक शिक्षकबंधुभगिनींच्या मनात असते. इच्छा स्तुत्य आहे. परंतु बहुधा असे घडते की, भारी किंमत देऊन आणलेले रोप मुख्याध्यापकांच्या टेबलावर विराजमान होते, दोन महिने सर्वांचे कौतुक मिळविते आणि उन्हाळ्याच्या सुटीत वाळून जाते. हौस कमी पडली म्हणून असे होत नाही. झाड कोणते घ्यावे, ते कोठे ठेवावे आणि सुटीत त्याला पाणी कोण घालील, यांचा विचार आधी झालेला नसतो.

जपानी भाषेत ‘बोन्’ म्हणजे उथळ तबक आणि ‘साय’ म्हणजे लावणी. यावरून ‘बोन्साय’ हा शब्द झाला. मूळ कला चीनमधील. जपानने ती वाढविली. ठेंगण्या वृक्षांची ही एखादी निराळी जात आहे, अथवा औषध घालून झाड खुजे ठेवतात, असा समज आढळतो. तो खरा नाही. झाड नेहमीचेच असते. माती थोडी दिली, मुळे व फांद्या वेळोवेळी छाटल्या, म्हणजे ते लहान राहते. तेच झाड जमिनीत लावले तर पुन्हा वाढू लागते. आणि ते झाडच असल्यामुळे त्याला ऊन, वारा व पाऊस हवा. कपाटावर किंवा टेबलावर ते शोभेसाठी एखादा दिवस ठेवावे. त्याचे घर अंगणात आहे.

पाइन, जुनिपर इत्यादी थंड प्रदेशांतील वृक्ष चित्रांत सुंदर दिसतात, पण आपल्या जिल्ह्यात वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. तेथे त्यांचा निभाव लागणे कठीण. आपल्याकडे वड, पिंपळ व उंबर यांहून योग्य झाडे नाहीत, आणि ती विकत घ्यावी लागत नाहीत. पक्षी या झाडांची फळे खातात, त्यांच्या विष्ठेतून बी जुन्या भिंतीच्या भेगेत पडते आणि तेथेच रोप उगवते. शाळेची जुनी भिंत, देवळाचा ओटा, पडका वाडा येथे असे एखादे रोप सहज सापडेल. मूठभर मातीही नसताना त्याने काही उन्हाळे काढलेले असतात. वामनवृक्षाची अर्धी तयारी निसर्गाने केलेली असते.

दोनतीन चांगले पाऊस झाल्यावर, भिंतीचा चुना-माती ओली असताना रोप काढावे. ओढू नये, खुरप्याच्या टोकाने भेग मोकळी करून मूळ सोडवावे, ओल्या गोणपाटात गुंडाळावे आणि आधी खोल कुंडीत लावून एक वर्ष सांभाळावे. उथळ कुंडी त्यानंतर. विहिरीच्या आतील बाजूचे रोप कितीही देखणे असले तरी त्यासाठी कोणाही विद्यार्थ्यास उतरवू नये. रोप देवळाच्या किंवा दुसऱ्याच्या भिंतीवर असेल तर परवानगी घ्यावी. या झाडांचा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. काम झाल्यावर सर्वांनी हात धुवावेत.

ज्या शाळेला असे रोप मिळणार नाही तिने चिंचोका पेरावा. चिंचेची पाने मुळातच बारीक, म्हणून लहान झाडालाही ती शोभतात. साग आणि पळस मात्र या कामाचे नाहीत. त्यांची पाने इतकी मोठी की झाडापेक्षा पानच डोळ्यांत भरते.

गावातून एक आक्षेप येण्याचा संभव आहे : पिंपळासारख्या पूज्य वृक्षाला कोंडून का छळता? हा आक्षेप हसून उडवू नये. ज्या घरची ती श्रद्धा असेल त्या घरच्या मुलाच्या हाती पिंपळाची छाटणी देऊ नये. त्याला चिंच द्यावी. परंतु हेही सांगावे की, भिंतीतील रोप वाढले म्हणजे भिंत फुटते, आणि मग ते तोडले जाते. कुंडीत आलेले रोप त्यातून वाचलेले असते. नीट सांभाळलेला वामनवृक्ष माणसाहून अधिक जगू शकतो. जपानमधील हिरोशिमा येथील यामाकी कुटुंबाचा एक पाइन वृक्ष १६२५ पासून कुंडीत आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बमधूनही तो वाचला. १९७६ साली मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला आणि वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात तो ठेवण्यात आला.

मातीविषयी एक सूचना आवश्यक आहे. आपली काळी जमीन कपाशीला उत्तम, पण कुंडीला वाईट. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि बारीक मुळे तोडते. दोन भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग चाळलेला मुरूम किंवा जाड रेती आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत हे मिश्रण घ्यावे. चाळणीखाली पडलेली धूळ टाकून द्यावी, नाहीतर पाणी तुंबते. कुंडी गावच्या कुंभाराकडून परातीसारखी करून घ्यावी. तळाला दोन छिद्रे हवीतच.

खरी कसोटी मार्चच्या मध्यापासून. तेव्हापासून पाऊस येईपर्यंत कुंडीला सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळाली पाहिजे. पूर्वेकडील ओसरीची कड किंवा कडुनिंबाखालची जागा चांगली. तापलेल्या फरशीवर कुंडी ठेवू नये, खाली लाकडी फळी घालावी. पाणी घड्याळ पाहून न घालता बोटाने माती चाचपून घालावे. वरची माती सुकलेली लागली की छिद्रातून निथळेपर्यंत द्यावे. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा लागेल. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे अत्यंत कडक दिवसांत शाळेत कोणीच नसते. यास्तव सुटीपूर्वी सावलीत रेतीचा वाफा करून त्यात कुंडी काठापर्यंत पुरावी आणि रेती भिजत ठेवावी. शेजारी राहणाऱ्या तीनचार मुलांच्या पाळ्या लावून त्यांच्या पालकांना तसे सांगावे. जेथे टँकरचे पाणी येते तेथे भाजी किंवा तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नाही. हेही शक्य नसेल तर कुंडी सुटीपुरती कोणाच्या तरी घरी द्यावी.

छाटणीचे काम सोपे आहे. फांदीला सहासात पाने आली की दोनतीन ठेवून शेंडा खुडावा. दर दोन वर्षांनी पावसाच्या आरंभी झाड काढून मुळांचा फार तर तिसरा हिस्सा कापावा, मिश्रण बदलावे आणि पंधरवडाभर सावलीत ठेवावे. वळण देण्यासाठी तार गुंडाळली असेल तर पावसाळ्यात दर आठवड्यास पाहावी. खोड भराभर जाड होते आणि तार सालीत रुतते.

वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेतून हाताच्या कामाला जोडून शिकविण्याचा विचार पुढे आला. त्या दृष्टीने ही कुंडी उपयोगी आहे. सेवाग्रामच्या सहलीत गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ मुलांना दाखवावा आणि त्याखाली गळालेले एक पान आणावे. ते व कुंडीतील पिंपळाचे पान चौकटीच्या कागदावर ठेवून रेखाटावे, चौकटी मोजून क्षेत्रफळ काढावे. आकृती तीच, माप निराळे. पुढे कुंडीतील वडाला फळे धरली तर मुलांना आणखी एक नवल दिसेल : पाने लहान होतात, फळे मात्र तितकी लहान होत नाहीत.

शेवटी बदलीचा प्रश्न. शिक्षक जातो आणि झाड राहते. जडवस्तू संग्रह नोंदवहीत सजीव झाड लिहिणे विचित्र वाटेल, तरी कार्यभार देताना कुंडीची नोंद अवश्य करावी : रोप कोठून व केव्हा काढले, मुळे शेवटची केव्हा छाटली, तार कोणत्या फांदीवर आहे, आणि सुटीत पाणी घालणाऱ्या मुलांची नावे.