चाचणी सायकलची, कसोटी रस्त्याची

नवी सायकल घेणे ही चेंबूरसारख्या उपनगरात आता केवळ शाळकरी मुलाच्या हट्टाची बाब राहिलेली नाही. खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, अनेक गिअर असलेली वेगवान सायकल, जिला बाजारात ‘रोड बाइक’ म्हणतात, ती नोकरदार मंडळीही घेऊ लागली आहेत. तिची किंमत पुष्कळदा एखाद्या कारकुनाच्या महिन्याच्या पगाराला भिडते. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हा दिलासा खरा. परंतु रंग, नाव आणि सवलत यांची कसून चौकशी करणारा ग्राहक सायकल चालवून मात्र क्वचितच पाहतो.

सायकल ही सदऱ्यासारखीच मापाने घ्यावयाची वस्तू आहे. सांगाड्याचे माप चुकले, तर गिअर कितीही उंची असोत, पाठ आणि गुडघे दुखल्यावाचून राहत नाहीत. परीक्षा तशी सोपी आहे. आडव्या दांडीच्या दोन्ही बाजूंस पाय टेकून उभे राहिले असता शरीर व दांडी यांत दोन बोटे तरी अंतर असावे. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खाली गेल्यावर पाय सरळ व्हावा. हँडल धरताना कोपर किंचित वाकलेले असावे. त्यानंतर प्रत्यक्ष फेरी मारून दोन्ही ब्रेक आणि प्रत्येक गिअर तपासावा; सायकल एका बाजूस ओढते काय, साखळी खडखडते काय, हे पाहावे. खोक्यातून घरपोच येणाऱ्या सायकलीची अशी परीक्षा पैसे भरण्यापूर्वी होऊच शकत नाही. दहा मिनिटांची ही फेरी नाकारणाऱ्या दुकानातून रिकाम्या हाताने परतणेच शहाणपणाचे.

महाराष्ट्राला या व्यवहाराची ओळख जुनी आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगावातील सायकलच्या दुकानाने झाला. तेथे सायकल विकली जाई, तशीच ती चालवायलाही शिकवली जाई. ग्राहकाला सायकलीवर बसवणे हा त्या दुकानदारीचाच भाग होता.

परंतु चेंबूरच्या ग्राहकाने ही फेरी मारावी कोठे? डायमंड गार्डनच्या आसपासच्या गल्ल्यांतून पहाटे ती सुखाची होते. कचेरीच्या वेळी वि. ना. पुरव मार्गावर आले की बस, रिक्षा आणि तेलाचे टँकर यांच्या गर्दीत सायकलस्वाराच्या वाट्याला रस्त्याची कड तेवढी उरते. तीही उभ्या वाहनांनी अडवलेली आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकांची. जेमतेम पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीचा टायर गटाराच्या उभ्या फटींच्या जाळीत अडकला, तर स्वार तोंडघशीच पडतो. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या पूर्व मुक्त मार्गावर सायकलीला मज्जाव आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात खास सायकलमार्ग बांधला गेला, तो प्रामुख्याने मोटारी उभ्या करण्याच्या उपयोगी पडला.

महागड्या सायकलींची हौस करणाऱ्यांसाठी पालिकेने खर्च का करावा, असा प्रश्न कोणी विचारील. पण रस्त्याच्या त्याच कडेने डबेवाला जातो, पाववाला जातो, दूध टाकणारा मुलगा जातो. त्यांनी सायकल हौसेने घेतलेली नाही, आणि रस्ता निवडण्याची मुभाही त्यांना नाही. शिवाय मागणी अवाढव्य नाही. जाळ्यांच्या फटी वाहतुकीच्या दिशेला आडव्या बसवाव्यात, रस्त्याची कड सपाट आणि मोकळी राखावी, स्थानकाजवळ सायकल ठेवण्यास सुरक्षित जागा द्यावी. यासाठी नवे पूल बांधावे लागत नाहीत. रोजची देखभाल नीट करावी लागते.

ती होत नाही तोवर मापात बसणारी, पारखून घेतलेली सायकलही काही महिन्यांत गॅलरीत धूळ खात पडते आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागतात. दुकानात फेरी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. त्या फेरीत रस्त्याचे जे दोष दिसतील, ते पालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी नोंदवणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तोही तितक्याच आग्रहाने बजावला पाहिजे.