बाईंची रंगपेटी

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून एकच गडबड सुरू होते. स्नेहसंमेलन! कुणी वासुदेव होतो, कुणी मावळा, कुणाचा कोळीनाच. त्या दिवशी दुपारपासून एका वर्गाच्या दाराला चादरीचा पडदा लागतो. आत हातात पावडरचा डबा घेतलेल्या बाई आणि बाहेर तुमची ही भली मोठी रांग. तुमच्याही शाळेत असंच असतं ना?

आमच्या शाळेतली ती पावडरवाली बाई म्हणजे मी. शाळा सातारा जिल्ह्यात, कऱ्हाड तालुक्यातली. माहेर मात्र सांगलीचं. "तुम्ही सांगलीच्या, म्हणजे नाटकवाल्यांच्या गावच्या. मेकअप तुमच्याकडे!" असं आमच्या मोठ्या गुरुजींनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं. जसं काही सांगलीतलं प्रत्येक बाळ तोंडाला रंग लावूनच जन्माला येतं!

तर बारा वर्षांत माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक जमली. पावडरचे डबे, लिपस्टिका, लाली, चमकीच्या पुड्या, टिकल्यांची पाकिटं, काजळाच्या डब्या, खोट्या मिशा, डिंकाच्या बाटल्या. दरवर्षी काहीतरी नवं घ्यायचं आणि जुनं टाकायचं नाही. ट्रंक उचलायला दोन मुलं लागायची. मला तिचा अभिमानसुद्धा होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षीची गोष्ट. रांगेत तिसरीतली एक मुलगी होती. तिचा नंबर आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, मला जरा जास्त पांढरं करा."

"का गं?"

"मी काळी आहे ना, म्हणून मला राणी नाही दिली. दासी दिली."

ती रडत नव्हती. "आज बुधवार आहे" असं सांगावं, तशा सुरात तिनं ते सांगितलं. आणि नाटकातली कामं कुणी वाटली होती? मीच! मी तिला पावडर लावली, तिच्या मागच्या मुलीलाही लावली. कार्यक्रम छान झाला. पण चार दिवसांनी फोटो आले, तेव्हा ते बघताना माझा हात थांबला. सगळ्या मुलांचे चेहरे पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखे! मान, कान, हात ज्याच्या त्याच्या रंगाचे नि तोंड तेवढं राखाडी. मग मी कपाटातून मागच्या वर्षांचे फोटो काढले. आमच्या नाटकांतल्या राण्या एकजात उजळ रंगाच्या होत्या. एकही अपवाद नव्हता. हे मी ठरवून केलं नव्हतं. पण केलं होतं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर चौथीच्या मुलांना घेऊन मी ट्रंक वर्गात उपडी केली. मोजल्यावर ८३ वस्तू निघाल्या. पोरं खूश! मी म्हटलं, "यातलं खरंच लागतं तेवढंच ठेवायचं. एकेक वस्तू उचला आणि सांगा, ही कशासाठी?"

वाळलेल्या, वास येणाऱ्या आणि मुदत संपलेल्या वस्तू आधी गेल्या. तो ढीगच मोठा होता. पुढे लिपस्टिका आणि काजळाच्या डब्या आल्या. एका मुलानं विचारलं, "बाई, एकच काजळ सगळ्यांच्या डोळ्यांत?" २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली होती, ती त्याला आठवत होती. बरोबर होतं त्याचं. एकाच्या डोळ्याला लागलेलं बोट किंवा काडी दुसऱ्याच्या डोळ्याला लागली की संसर्ग पसरायला वेळ लागत नाही. ओठांचंही तेच. म्हणजे मी इतकी वर्षं जे करत होते ते चुकीचंच होतं.

आणि शेवटी उरला तो पांढऱ्या वस्तूंचा ढीग. पावडरी, गुलाबीसर पांढरे लेप, 'गोरेपणाच्या' ट्यूबा. ट्रंकेतला सगळ्यात जास्त पैसा याच ढिगात गेलेला! "ही कशासाठी?" असं विचारलं की मुलांचं एकच उत्तर, "गोरं दिसायला." मग मी विचारलं, "मावळे सह्याद्रीत उन्हातान्हात हिंडायचे. ते गोरे होते का रे?" सगळी हसली. "आणि दासीचा रंग कुठला? राणीचा कुठला?" यावर मात्र कुणीच बोललं नाही.

आता थोडं सांगलीविषयी. तोंडाला रंग का लावायचा, हे कळायला त्याचा उपयोग होईल.

१८४३ साली सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनानं विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं. मराठी नाटकाची सुरुवात तिथून मानतात आणि त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो. तेव्हा विजेचे दिवे कुठले? तेलाच्या दिव्यांच्या आणि मशालींच्या उजेडात खेळ व्हायचा. मागं बसलेल्या माणसाला देव कोण नि राक्षस कोण हे चेहऱ्यावरून कळायला हवं, म्हणून रंग भडक लागायचे. जुन्या काळी नटांजवळ रंग तरी किती असायचे! पांढरा सफेदा, पिवळी पिवडी, लाल हिंगूळ आणि काळं काजळ. तेवढ्यात रामही व्हायचा आणि रावणही. पुढे १९०५ साली आपल्याच मिरजेत नारायण श्रीपाद राजहंस नावाचा एक तरुण शकुंतला होऊन उभा राहिला. तेच आपले बालगंधर्व! ते मूळचे पलूसजवळच्या नागठाण्याचे, कृष्णाकाठचे.

म्हणजे रंग हा लांबच्या माणसाला नाक, डोळे, ओठ दिसावेत म्हणून असतो. आमच्या शाळेच्या पटांगणात पहिली रांग स्टेजपासून दहा पावलांवर बसते नि वर डोळे दिपवणारे दिवे. तिथं चेहऱ्यावर थर कशाला हवेत?

जर्मनीतही असाच एक नाटकवाला होऊन गेला. लुडविग लाइखनर त्याचं नाव. तो ऑपेरात गायचा. १८७३ साली त्यानं बर्लिनमध्ये रंगकांड्यांचा कारखाना काढला. कांड्यांना नंबर दिले. गंमत बघा, इंग्लंडमधल्या नटांच्या कित्येक पिढ्यांनी त्यातल्या दोनच कांड्यांवर निभावून नेलं. पाच नंबर, म्हणजे हस्तिदंती, आणि नऊ नंबर, म्हणजे विटकरी. या दोन्ही तोंडावर मिसळायच्या की चेहरा तयार! तो रंग अर्थातच तिकडच्या कातडीला शोभणारा. आपल्याला आपल्या कातडीला मिळताजुळता रंग हवा, एवढाच यातला मुद्दा.

लाइखनरच्या रंगांत शिसं नव्हतं, हे त्या काळी मोठंच काम होतं. कारण जुना सफेदा पुष्कळदा शिशाचा असे. जपानमध्ये काबुकी नावाचा नाट्यप्रकार आहे. त्यातले नट चेहरा पांढराफेक रंगवतात. १८८७ साली खुद्द सम्राटापुढं प्रयोग चालू असताना नाकामुरा फुकुसुके या नामवंत नटाचे पाय थरथर कापू लागले. रोज तोंडाला लावलेल्या पांढऱ्या रंगातलं शिसं त्याच्या अंगात भिनलं होतं! पुढं जपाननं अशा पावडरी कायद्यानं बंद केल्या. हिंगूळही तसाच, त्यात पारा असतो.

आईबाबांनो, हा भाग तुम्ही जरूर वाचा. पारा काही जुन्या काळात राहून गेलेला नाही. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते उन्हापासून रक्षण करतं. पारा ते तयार होऊ देत नाही. त्यामुळे कातडी काही दिवस उजळ दिसते. तोच पारा कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडं बिघडवतो. आपल्याच अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींना गोरं करणाऱ्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झाल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी छडा लावला. क्रीममध्ये पारा निघाला. आपल्या देशात अशा क्रीममध्ये पारा घालायला कायद्यानं बंदी आहे, तरी चोरून येणारा माल बाजारात मिळतो. डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल, घटकांची यादी नसेल, किंवा 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' असं छापलं असेल, तर ती डबी घरात आणू नका. डोळ्यांत घालायच्या सुरम्यात शिसं असू शकतं, तेही मुलांना नको.

कुंकवाचं काय, असं एका मुलीनं विचारलं. चांगला प्रश्न! जुनं कुंकू हळदीचं. आणि हळद म्हणजे तर आमची सांगली! २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवायचे. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं बुडाली. ही पिवळी हळद लाल कशी होते, ते तुम्ही घरीच पाहा. आमटीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो, बघितलंय ना? चिमूटभर हळदीत साबणाचं पाणी घाला, लाल होईल. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळी! कुंकू करताना साबणाऐवजी चुन्यासारखे पदार्थ वापरतात. पण बाजारातलं प्रत्येक लाल कुंकू हळदीचं नसतं. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथल्या आणि भारतातल्या दुकानांमधून सिंदुराचे ११८ नमुने तपासले, तर बहुतेकांत थोडंफार शिसं आढळलं. म्हणून आम्ही शाळेसाठी हळदीचं कुंकू ओळखीच्या घरून आणतो.

संध्याकाळपर्यंत ट्रंकेतलं काय उरलं, ऐका. मिशा आणि भुवयांसाठी एक काळी पेन्सिल, दरवेळी टोक काढून घ्यायची. हळदीचं कुंकू, कपाळापुरतं. ओठांना नि गालांना एक विटकरी रंग, तो थेट कांडीनं न लावता बशीत काढून प्रत्येकाला वेगळ्या कापसानं लावायचा. घाम टिपायला धुतलेले रुमाल. रंग काढायला खोबरेल तेल. कापूस आणि आरसा. बस्स! जेवणाच्या डब्याच्या पिशवीत मावलं सगळं. काजळ ज्यानं त्यानं घरून लावून यायचं, नको असेल तर नाही.

मिशांवरून मात्र भांडण झालं हं. चौथीतले दोघं खोट्या मिशा सोडायला तयारच नव्हते. शेवटी दोन मिशा ठेवल्या. पण त्या डिंकानं चिकटवायच्या नाहीत, दोऱ्यानं कानाला बांधायच्या. इथं मी हरले!

काही पालक नाराजही झाले. "बाई, फोटो काढायचे असतात, थोडी तरी पावडर लावा," असं एक आई म्हणाल्या. मी त्यांना जुना फोटो दाखवला. त्या हसल्या, पण पटलं असं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी घरून पावडर लावूनच आणलं मुलाला.

यंदा जिजाऊंची भूमिका कुणाला द्यायची, हे मी वाचन ऐकून ठरवलं. सगळ्यांना पडद्यामागं उभं केलं आणि नुसता आवाज ऐकला. सर्वांत खणखणीत आवाज निघाला तो त्याच मुलीचा. आता ती चौथीत आहे.

संमेलनाच्या दिवशी तिला नऊवारी नेसवली, कपाळावर कुंकू रेखलं, ओठांवर जरासा रंग टिपला आणि आरसा हातात दिला. तिनं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"झालं, बाई? एवढंच?"

"एवढंच."

"मग अजून वेळ आहे ना? माझं दुसऱ्या प्रवेशातलं भाषण एकदा म्हणून घेते. तिथं मी अडखळते."