पोरगं खोटं बोलत नव्हतं

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. कारखान्यांचा पट्टा पडला आणि आमच्या शिरूर कासार तालुक्यातून ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या गावाकडे परतल्या. कचेरी सुटल्यावर संध्याकाळी आम्ही वस्तीतील मुलांचा तासभर अभ्यास घेतो. त्या दिवशी गेलो तर दोन मुलांचे भांडण जुंपलेले. एक इथल्याच शाळेत जाणारा, दुसरा आईबापाबरोबर सांगलीकडे सहा महिने कोपीत राहून आलेला.

"पाणमांजर उताणं पोहतं अन् पोटावर दगड ठेवून शिंपले फोडतं. मी मोबाईलमध्ये बघितलंय," पहिला म्हणाला.

"मी कृष्णेच्या काठाला बघितलंय. पाच-सहा जण होते. मासे धरून काठावर बसून खात होते. दगड-बिगड काही नव्हता."

"थापा मारतो हा! सहा महिने शाळेत नसतो, याला काय माहीत?"

हे शेवटचे वाक्य आमच्या जिव्हारी लागले. ते पोरगेही खाली मान घालून गप्प बसले. निकाल चार दिवसांनी सांगू असे म्हणून आम्ही वेळ मागून घेतला आणि पुस्तके चाळली. निकाल असा लागला की दोघेही खरे होते. दोघांनी दोन वेगळे प्राणी पाहिले होते. ते दोन्ही प्राणी आमच्या वाचक कुटुंबांनाही माहीत व्हावेत म्हणून हा लेख.

घराणे एक, संसार दोन

पाणमांजराला कोकणात ऊद किंवा हूद म्हणतात. लांब अंग, आखूड पाय, पडद्याने जोडलेली बोटे आणि पाण्यात वल्ह्यासारखी चालणारी शेपटी, ही या घराण्याची खूण. नाव मांजराचे असले तरी हा मांजराच्या कुळातला नाही. जगात याच्या तेरा-चौदा जाती आहेत. भारतात तीन सापडतात. महाराष्ट्रातील नद्यांत प्रामुख्याने दिसते ते मऊ, गुळगुळीत केसांचे पाणमांजर. त्याचे वजन साधारण ७ ते ११ किलो.

मोबाईलमध्ये दिसले ते समुद्री पाणमांजर. ते भारताच्या समुद्रात नाही. रशियाचा पूर्व किनारा, अलास्का, कॅलिफोर्निया अशा उत्तर प्रशांत महासागराच्या थंड पाण्यात ते राहते. नर ४५ किलोपर्यंत भरतो. म्हणजे आपली चार-पाच पाणमांजरे एका पारड्यात टाकावीत तेव्हा तो एक तोलावा!

थंडीचा जमाखर्च

आमचा जन्म हिशेब लिहिण्यात गेला, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. बर्फासारख्या पाण्यात अंगाची ऊब सारखी खर्च होत असते. देवमासा आणि सील यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. तीच त्यांची शिल्लक. समुद्री पाणमांजराकडे ही शिल्लक नाही. त्याची सगळी भिस्त केसांवर. त्याच्या अंगावर एका चौरस सेंटीमीटरमध्ये सुमारे दीड लाखापर्यंत केस असतात. माणसाच्या सगळ्या डोक्यावर मिळून लाखभर! या दाट केसांत हवा अडकून राहते आणि पाणी कातडीपर्यंत पोचत नाही. म्हणून हा प्राणी दिवसभर अंग चोळत, केस विंचरत असतो. ती हौस नाही, पोटापाण्याइतकीच गरज आहे.

दुसरी जमेची बाजू म्हणजे अन्न. तो रोज आपल्या वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा खातो. ३० किलोच्या प्राण्याला सात-साडेसात किलो अन्न रोज मिळालेच पाहिजे. आपल्या नदीतल्या पाणमांजराला साधारण किलोभर मासळीवर दिवस काढता येतो. त्याचे पाणी कोमट, काठाला ऊन खायला जागा, म्हणून केसही आखूड पुरतात.

दगडवाला आणि रांगवाले

समुद्री पाणमांजर तळाशी बुडी मारून शिंपले, खेकडे वर आणते. काखेत कातडीची सैल घडी असते, तिचा पिशवीसारखा उपयोग करते. कधी दगडही तीतच ठेवते. मग उताणे तरंगायचे, पोटावर दगड ठेवायचा आणि त्यावर शिंपला आपटायचा. दाढा चपट्या, कवच भरडण्याजोग्या. पहिल्या मुलाने पाहिले ते हेच.

आपले पाणमांजर मुख्यतः मासे खाते. त्याचे दात निसरडा मासा धरून तोडण्याजोगे तीक्ष्ण असतात. ते कुटुंबाने राहते आणि बरेचदा कुटुंबानेच शिकार करते. इंग्रजी व्ही अक्षरासारखी रांग धरून मासे पुढे हाकलायचे. फडात एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधायची, तसाच हा मेळ. बांगलादेशात नडाइल भागातले कोळी अशी पाळीव पाणमांजरे दोरीला बांधून पाण्यात सोडतात आणि ती मासे जाळ्याकडे हाकलतात. दुसऱ्या मुलाने कृष्णाकाठी पाहिलेले पाच-सहा जण म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे.

लेकरांची सोय

समुद्री मादीला बहुधा एकच पिल्लू होते, आणि तेही पाण्यातच. पिल्लाची लव इतकी हवा धरते की ते बुचासारखे तरंगते, बुडी मारू म्हटले तरी मारता येत नाही. आई त्याला पोटावर घेऊन पोहते. अन्नासाठी खाली जायचे असले तर केल्प नावाच्या लांबलचक समुद्री वनस्पतीत त्याला गुंडाळून ठेवते, म्हणजे ते वाहून जात नाही. आपल्याकडे बाई झाडाला झोळी बांधून फडात उतरते, त्यातलाच प्रकार.

नदीतल्या मादीला बिळाशिवाय चालत नाही. काठाच्या मातीत, खडकांच्या कपारीत किंवा मुळांखाली ती दोन ते पाच पिल्ले घालते. ती जन्मतः आंधळी असतात. पोहणेही त्यांना शिकवावे लागते.

इथे एक घोटाळा टाळावा. कोकणातल्या खाड्यांत आणि गोव्यात चोडण बेटाच्या खारफुटीतही पाणमांजरे दिसतात. पण ती समुद्री जात नव्हे, आपलीच नदीवाली. खाऱ्या पाण्यात मासे धरले तरी प्यायला आणि केसांतले मीठ धुवायला त्यांना गोडे पाणी लागते. समुद्री पाणमांजर मात्र समुद्राचे पाणी पिऊनही जगते. त्याची मूत्रपिंडे तेवढी मोठी आहेत.

एक जीव हलला की

१७४१ साली बेरिंगच्या रशियन मोहिमेने समुद्री पाणमांजराच्या कातडीचा शोध लावला आणि व्यापाऱ्यांची झुंबड उडाली. १९११ मध्ये चार देशांनी करार करून शिकार थांबवली, तेव्हा एक-दोन हजारच उरली होती. ती संपली तिथे सी-अर्चिन नावाचे काटेरी जीव माजले. त्यांनी केल्पची जंगले फस्त केली आणि त्या जंगलात वाढणाऱ्या मासळीचा आसरा गेला. पाणमांजर अर्चिन खात होते म्हणून जंगल उभे होते, हे ते नाहीसे झाल्यावर कळले.

आपल्या पाणमांजरावरही कातडीपायी संकट आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. पण कायद्याला न जुमानणारा शत्रू दुसराच आहे. वाळू उपसली की काठ ढासळतो आणि बीळ जाते. सांडपाणी आले की मासे मरतात. जिलेटीन लावून मासे मारले की पाण्यात काहीच उरत नाही.

आमची सिंदफणा शिरूरवरून माजलगावाकडे जाते आणि मंजरथला गोदावरीस मिळते. उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळूचे खड्डे तेवढे दिसतात. जिथे पाणमांजर टिकते तिथे बारमाही पाणी आहे, मासे आहेत, काठ शाबूत आहे असे समजावे. ते पाणी माणसालाही लागते. आणि गेलेले परत येऊ शकते. सिंगापूरने १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षे खपून आपल्या घाण नद्या साफ केल्या. १९९८ मध्ये ही आपलीच जात तिकडे आपणहून परतली. आज त्या शहरात दीडशेच्या वर पाणमांजरे आहेत.

चार दिवसांनी आम्ही सगळ्या मुलांसमोर निकाल सांगितला. ऊसतोडीहून आलेल्या मुलाला फळ्याजवळ बोलावले. त्याने खडूने नदी काढली, रांग काढली, मासे कुठून हाकलले ते दाखवले. मुले अर्धा तास हलली नाहीत. शेवटी भांडणारा पहिला मुलगाच म्हणाला, "पुढच्या साली जाशील तेव्हा शूटिंग करून आण."

तो हसला. आम्ही मात्र त्याच्या आईला गाठून सांगितले की दिवाळीआधी शाळेत जाऊन हंगामी वसतिगृहाची चौकशी करा, पोराला या साली इथेच राहू द्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, धाकटीला मग कोपीवर कोण सांभाळणार?" त्याचे उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते. दिवाळीच्या आत ते शोधायचे आहे.