पिकअपच्या डिझेल टाकीचं झाकण हरवलं? चिंधी कोंबू नका, स्वस्तात मिळणारं योग्य झाकण असं निवडा

पंपावर डिझेल भरलं, झाकण हौद्याच्या कडेवर ठेवलं आणि गाडी तशीच निघाली. भाजीपाला, दूध, कांदा वाहणाऱ्या पिकअपवाल्यांवर ही वेळ हमखास येते. मग टाकीच्या तोंडात चिंधी कोंबायची किंवा प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. 'बघू नंतर' म्हणत महिने निघून जातात. मात्र थोड्या पैशांच्या झाकणापायी हजारोंचं काम निघू शकतं.

नुकसान कसं होतं?

बऱ्याच पिकअपमध्ये टाकीचं तोंड हौद्याखाली, बाजूला असतं. चाकाने उडवलेला चिखल, धूळ, पावसाचं पाणी थेट तिथं येतं. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते टाकीच्या तळाशी बसतं आणि तिथूनच इंजिनाकडे ओढलं जातं. नव्या बीएस-६ गाड्यांचे इंजेक्टर अतिशय बारीक कामाचे असतात. पाणी आणि कचरा गेला की ते खराब होतात आणि त्यांचा खर्च मोठा असतो. शिवाय भरलेल्या टाकीतून वळणावर डिझेल रस्त्यावर सांडतं. मागून येणारा दुचाकीवाला त्यावरून घसरू शकतो.

घट्ट पिशवी बांधली तर?

तेही चुकीचंच. डिझेल जसं संपतं तशी टाकीत हवा यावी लागते. अनेक गाड्यांत त्यासाठी झाकणातच बारीक झडप असते. ही वाट बंद झाली की टाकीत ओढ तयार होते, गाडी दम टाकते, कधी बंदही पडते. झाकण उघडताना जोरात 'सुस्स' आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झडप तुंबल्याची शंका घ्यावी.

आधी हे करा

ज्या पंपावर डिझेल भरलं तिथं आधी चौकशी करा. विसरलेली झाकणं पंपावरची पोरं बऱ्याचदा बाजूला ठेवतात. झाकण आहे पण गळतंय, तर आतलं रबरी वायसर तपासा. ते कडक झालं असेल, चिरलं असेल, तर त्याच मापाचं डिझेल टिकणारं वायसर मिळतं का ते आधी बघा. साधं रबर डिझेलमध्ये फुगतं.

नवं घेताना काय बघायचं?

• गाडीचं मॉडेल, साल आणि इंधन सांगा. आरसी बुकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
• टाकीच्या तोंडाचा फोटो काढा आणि आतला व्यास पट्टीने मोजा.
• झाकण आट्यांचं आहे की पाव फेरा देऊन अडकणारं, हे बघून घ्या. जुन्या झाकणावर पार्ट नंबर असेल तर तोच दाखवा.
• पेट्रोल आणि डिझेलच्या झाकणांची झडप वेगळी असू शकते. नुसतं बसतंय म्हणून घेऊ नका.

कंपनीच्या स्पेअर काउंटरवर किंमत विचारा, मग तालुक्याच्या दोन-तीन स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा. बिगर-कुलपाचं झाकण साधारण स्वस्त पडतं. मात्र गाडी रात्री रस्त्यावर किंवा मार्केट यार्डात उभी राहत असेल, तर डिझेलचोरीचा विचार करून कुलपाचंच घ्यावं. जुन्या पार्टच्या बाजारातलं झाकणही चालतं, फक्त वायसर आणि झडप शाबूत हवी. ऑनलाइन मागवताना परत करायची सोय आहे का ते आधी वाचा. कुठूनही घ्या, दुकानातच गाडीला लावून बघा आणि बिल मागा.

बसवल्यावर

झाकण बारीक साखळीने किंवा दोरीने टाकीजवळ बांधून ठेवा. आणि टाकी उघडी असताना जोराचा पाऊस झाला असेल किंवा डॅशबोर्डवर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला असेल, तर गाडी पळवू नका. आधी मेकॅनिककडून फिल्टर आणि टाकीतलं पाणी काढून घ्या.